पंचावन्नचे मामा, बाविशीचा ट्रेनी आणि मधे तुम्ही: मशीन शॉपच्या नव्या सुपरवायझरसाठी

भोसरी असो, चाकण असो, सातपूर, वाळूज की गोकुळ शिरगाव, मध्यम आकाराच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये सकाळी सातच्या पाळीला पंचिंगसाठी जी रांग लागते तिच्यात तीन तऱ्हेची माणसं दिसतात. किर्लोस्कर नाहीतर एचएमटीच्या लेथवर हात बसलेली, आता निवृत्तीला टेकलेली. सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) आल्यावर कामाला लागलेली, आता चाळिशीत शिरलेली. आणि आयटीआय किंवा डिप्लोमा संपवून कालपरवा आलेली. प्लॅनिंगमध्ये नाहीतर क्वालिटीत चार-पाच वर्षं काढलेल्या तुम्हाला सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी ही पाळी दिली आहे. काम तुम्हाला येतं. माणसं कशी सांभाळायची हे कुणी शिकवलेलं नाही.

एखाद्या ट्रेनिंगला पाठवलंच, तर तिथे पिढ्यांची इंग्रजी नावं आणि कोण कुठल्या साली जन्मला की कसा वागतो याचा तक्ता दाखवतात. तो फाइलला लावून ठेवा. शॉपवर ज्याला ‘जुन्या-नव्यांचं भांडण’ म्हणतात त्यातलं बरंचसं वयाचं नसतंच. ते कायम आणि कंत्राटी यांचं असतं, पगाराचं असतं, रविवारच्या ओव्हरटाइमचं असतं. वयामुळे खरोखर जे होतं ते थोडं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी मेंटेनन्सच्या पोराला सांगून दोन दिवसांत सुधारता येतात. त्यामुळे कुठलीही कुरबूर कानावर आली की हे दुखणं वयाचं की हिशेबाचं, एवढं आधी ठरवायचं. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

१. पहिल्या आठवड्यात एक वही भरा

एचआरकडची यादी मागून घ्या, पण तिच्यावर थांबू नका. दोनशे पानी वही घ्या आणि पाळीतल्या प्रत्येक माणसाला अर्धं पान द्या. त्यात वयापेक्षा महत्त्वाच्या गोष्टी लिहा: कामाला कधी लागला, कायम आहे, कंत्राटदाराकडून आहे की अप्रेंटिस, कुठल्या मशीनवर एकट्याने सेटिंग (नव्या कामासाठी मशीन जुळवणं) करू शकतो, कुणाच्या हाताखाली शिकला, कुणाला शिकवलं, कुठून येतो आणि शेवटची बस किती वाजता. शेवटची बस चेष्टेवारी नेऊ नका. दुसरी पाळी रात्री साडेअकराला सुटते आणि मोशीत खोली घेऊन राहणाऱ्या पोराचं शेअर रिक्षाचं गणित चुकलं की तो दुसऱ्या दिवशी उशिरा येतो. त्यावर जुने म्हणतात, ‘आजकालच्या पोरांना शिस्त नाही.’

अप्रेंटिस कोण ते वेगळ्या शाईने लिहा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्या मुलाला अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइमला बसवता येत नाही. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आलेली मुलंही काही शॉपवर आहेत. २०२४ साली योजना सुरू झाली तेव्हा बारावीवाल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. एकाच मशीनवर शेजारी उभ्या असलेल्या तिघांच्या हाती तीन वेगळ्या रकमा पडतात, आणि कुणाच्या हाती किती ते तिघांनाही पैशापर्यंत ठाऊक असतं. हे तुम्हाला ठाऊक नसेल तर त्यांची निम्मी बोलणी तुमच्या डोक्यावरून जातील.

जुन्या लोकांच्या पानावर निवृत्तीची तारीख लिहा. कंपनीच्या स्थायी आदेशांत (सेवानियमांत) वय ५८ आहे की ६०, ते एचआरकडून नक्की करून घ्या. तारखा लिहायला लागलात की एक गंमत दिसेल. दोघातिघांची जन्मतारीख १ जून निघेल. गावाकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली तीच आयुष्यभर चिकटली. ऐकायला गंमत वाटते, पण याचा अर्थ एखाद्या वर्षी ३१ मेला तुमचे दोन सेटर एकाच संध्याकाळी गेटबाहेर पडणार आहेत. ते वर्ष आत्ताच लाल पेनाने गोल करून ठेवा.

२. हाक कशी मारायची

वडिलांच्या वयाच्या माणसाला आडनावाने नुसतं ‘ए शिंदे’ म्हटलंत तर त्या पाळीत तुमचं पुन्हा कधीच काही चालणार नाही. शॉपवर आधीपासून जी हाक रूढ आहे तीच उचला: शिंदे मामा, अण्णा, काका, आप्पा. बाई असतील तर ताई, वयाने मोठ्या असतील तर मावशी; पण ‘मावशी’ म्हटलेलं आवडत नाही अशाही असतात, तेव्हा आधी कान द्या. तुम्हाला ते ‘साहेब’ म्हणतील. पहिले काही दिवस त्या शब्दात थोडी खोच असेल. ती ऐकू आली तरी न ऐकल्यासारखं करा.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. मामांना ‘अहो’ आणि ट्रेनीला ‘ए, इकडे ये’ ही आपल्याकडची सर्रास पद्धत. बाविशीच्या पोराला ती जितकी लागते तितकी तो दाखवत नाही. तुमच्या-त्याच्यात पाच वर्षांचं अंतर आहे, कॉलेजात असता तर ‘अरे-तुरे’ चाललंही असतं. शॉपवर मात्र सरसकट सगळ्यांना ‘अहो’ म्हणा, निदान पहिले सहा महिने. पुढे ज्याच्याशी सूत जुळेल त्याच्याशी आपोआप ‘अरे’ येईल.

मामा म्हटलं म्हणून मामांना नियमातून सूट नाही. फर्स्ट पीस तपासून सही झाल्याशिवाय लॉट सुरू करायचा नाही, हे तीस वर्षं काम केलेल्यालाही लागू. फक्त ते सांगायचं कसं, यात फरक. लाइनवर चारचौघांत कुणालाच बोलायचं नाही, ना म्हाताऱ्याला ना पोराला. सुपरवायझरच्या काचेच्या केबिनमध्ये बोलावून झापलं तरी सगळ्यांना दिसतं, म्हणून मी तर गेज रूमच्या मागे बोलायचो.

३. हिशेबाची भांडणं बोर्डावर आणा

समजा एक कंत्राटी ऑपरेटर येऊन म्हणतो, ‘सर, मामा दिवसभरात साठ पीस काढतात, मी नव्वद काढतो, आणि पगार त्यांना माझ्या तिप्पट.’ याला पिढ्यांचा प्रश्न समजून ‘मोठ्यांचा मान ठेवावा’ असं उत्तर दिलंत तर तो पुढच्या महिन्यात शेजारच्या प्लॉटवरच्या कंपनीत दिसेल. त्याचं म्हणणं खरं आहे. मामांचंही खरं आहे. त्यांचा पगार युनियनच्या तीन-तीन वर्षांच्या करारांतून वाढत आला आणि त्या करारांसाठी त्यांनी काही सोसलेलं असतं. पिंपरी-चिंचवडमधल्या पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही कामगारापुढे १९८९ च्या टेल्कोच्या (आजची टाटा मोटर्स) संपाचा विषय काढून बघा. तो स्वतः टेल्कोत नसला तरी त्याचा भाऊ, शेजारी, कुणीतरी होता. त्या पोराने हे नावही ऐकलेलं नसतं.

पगार तुमच्या हातात नाही, हे त्याला सरळ सांगा. खोटं आश्वासन देऊ नका. ‘तू चांगलं काम कर, मी वर बोलतो’ हे वाक्य त्याने याआधीच्या दोन कंपन्यांत ऐकलेलं आहे. तुमच्या हातात बऱ्याच इतर गोष्टी असतात, आणि रोजची धुसफूस त्यांच्यावरूनच होते:

रविवारचा ओव्हरटाइम कुणाला. दुप्पट दराने मिळतो म्हणून सगळ्यांना हवा असतो आणि तो ठरावीक माणसांनाच मिळतो अशी बहुतेक शॉपवर तक्रार असते. पाळीपाळीने नावं लावा, कागद बोर्डावर चिकटवा. ज्याला नको त्याने बुधवारपर्यंत सांगायचं, मग पुढच्याचा नंबर.

घाणीचं काम कुणाला. कूलंटची टाकी साफ करणं, बरीच्या (लोखंडाच्या किसाच्या) ट्रॉल्या ओढणं हे नेहमी सर्वांत नव्या पोराच्या माथी येतं. ‘आम्हीही केलंय’ हा जुन्यांचा युक्तिवाद. ट्रेनी शिकायला आला आहे आणि सहा महिने नुसती बरी भरत राहिला तर तो काय शिकला, हा माझा. महिन्याचं वेळापत्रक करा, त्यात सेटर सोडून सगळ्यांची नावं घाला. सेटरला का सोडायचं? कारण टाकी साफ होत असते तेव्हा तो दुसऱ्या मशीनचं सेटिंग करत असतो, आणि हे कारण सगळ्यांना पटतं. न पटणारी सूट कुणालाही देऊ नका.

जड काम कुणाला. ‘पोरं आहेत, उचलतील’ म्हणून चक (लेथवर काम पकडणारा जड जबडा) उचलायला पोरांना पाठवायचं नाही. होइस्ट (वजन उचलायची कप्पी) लावा, सगळ्यांनी होइस्ट वापरायचा. पंचविशीत पाठ गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

४. जे खरंच वयाचं आहे

चाळिशीनंतर जवळचं कमी दिसतं. ए-फोर कागदावर दाटीवाटीने छापलेल्या ड्रॉइंगमधला टॉलरन्स पंचावन्नच्या माणसाला दिसत नाही, आणि तो ‘दिसत नाही’ असं म्हणणार नाही. तो अंदाजाने वाचेल, नाहीतर शेजारच्या पोराला ‘बघ रे काय लिहिलंय’ म्हणेल. ड्रॉइंग ए-थ्रीवर छापा. तपासणीच्या टेबलावर चांगला दिवा लावा. मोठ्या आकड्यांचा डिजिटल व्हर्नियर आणा आणि तो सगळ्यांसाठी म्हणून ठेवा. मामांसाठी खास आणला असं म्हणालात तर मामा त्याला हात लावणार नाहीत.

मशीनच्या आवाजात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाचं ऐकू येणंही कमी झालेलं असतं. आवाजाने कान जातात ते आधी उंच पट्टीतले, साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपासचे. त्यामुळे मामांशी तुमच्या गप्पा छान चालतात, पण मशीनचा बारीक बझर त्यांना कळत नाही. लोक म्हणतात लक्ष नाही. टॉवर लॅम्प (मशीनवरचा इशाऱ्याचा दिवा) दुरुस्त करून घ्या. अर्ध्या मशीनवर तो बंदच असतो. पाठीमागून हाका मारत बसू नका, समोर जा. आणि पोरांना इअरप्लग आत्ताच घालायला लावा. त्याच वेळी इअरफोनवर पूर्ण बंदी. दोन्ही कानातच जातात म्हणून पोरं फसवू पाहतात, तेव्हा फरक दाखवून द्या.

रात्रपाळी पन्नाशीनंतर जड जाते, साखर असेल तर जास्तच. ज्यांना डॉक्टरांनी रात्रपाळी टाळायला सांगितली आहे त्यांचा कागद एचआरकडे द्या आणि पाळी बदलून घ्या. पण ‘वय झालं’ एवढ्यावर सूट देऊ नका. तसं केलं की रात्रीचा सगळा भार चाळिशीतल्यांवर जातो, आणि घरी दहावीतलं पोर, हप्ते, आजारी आईवडील असं सगळं त्यांच्याच मागे असतं.

सुरक्षेत कुठलीच पिढी साधी नाही. जुने हाताने बरी ओढतात, हुक बाजूला लटकत असतो. नवे फिरत्या स्पिंडलजवळ (मशीनच्या फिरत्या दांड्याजवळ) हातमोजे घालून जातात, कारण कॉलेजात ‘हातमोजे म्हणजे सुरक्षा’ एवढंच शिकलेले असतात. फिरत्या मशीनवर मोजा अडकला तर हात आत जातो. दोघांनाही एकाच दिवशी, एकाच दमात सांगा. एकालाच सांगितलंत तर दुसरा हसतो.

५. हातातलं कसब कागदावर

नव्या सुपरवायझरला वरून हमखास सांगितलं जातं: ‘अण्णा पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, त्यांचं नॉलेज डॉक्युमेंट करून घ्या.’ मग तो अण्णांना वही-पेन देतो. वही कोरी राहते. अण्णांना लिहायचा कंटाळा असतोच, पण खरं कारण वेगळं. त्या कसबामुळेच अण्णा टिकले. शॉपवर सीएनसी आल्या, बरोबरीचे कितीतरी जण स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेले, अण्णा राहिले, कारण ते एक काम दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. ते काम लिहून द्या म्हणजे काय मागतोय, ते आपल्याला कळत नसलं तरी त्यांना कळतं.

एक प्रसंग सांगतो. ४० मिमीचा बोअर (भोक), एच-सात फिट, म्हणजे वर २५ मायक्रॉनपर्यंत सूट, खाली शून्य. रोज जेवणाच्या सुट्टीनंतर पहिले दोन-तीन पीस मापात बसत नसत. नव्या पोराने ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) बदलावा, तर अर्ध्या तासाने माप उलट दिशेला सरकायचं, मग पुन्हा ऑफसेट. दुपारभर हाच खेळ. शेजारच्या मशीनवरचे जुने सेटर मात्र सुट्टीवरून आले की दहा मिनिटं मशीन नुसतंच फिरवत ठेवायचे आणि तंबाखू मळत उभे राहायचे. मॉनिटरवर ती दहा मिनिटं ‘मशीन रिकामं’ म्हणून लाल दिसायची आणि मीटिंगमध्ये त्यांच्या नावाने शंख व्हायचा. पोरगंही म्हणायचं, ‘मामा टाइमपास करतात.’

खरं कारण साधं होतं. सुट्टीत मशीन थांबलं की स्पिंडल थंड होतो, पुन्हा चालू झालं की तापून किंचित वाढतो, आणि तो तापून स्थिर होईपर्यंत माप हलत राहतं. मामांना हे शब्दांत सांगता येत नव्हतं. ‘मशीनला जरा अंगात येऊ द्यावं लागतं’ एवढंच ते म्हणत. दोघांना एकत्र बसवलं. पोराने वॉर्मअपचा छोटा प्रोग्राम लिहिला: कुठल्या स्पीडला किती वेळ फिरवायचं ते मामांनी सांगितलं, तीनदा बदलायला लावलं. सुट्टी संपायच्या आधी तो सुरू करायची जबाबदारी पाळीने एकेकावर दिली, म्हणजे मॉनिटरवरचा लाल रंगही गेला. सेटअप शीटच्या तळाशी दोघांची नावं टाइप केली. मामांनी त्या शीटचा फोटो काढून मुलीला पाठवला, हे मला महिन्याने कळलं.

तेव्हा पद्धत अशी ठेवा. वर्षभरातली सर्वांत त्रास देणारी पाचच कामं निवडा, सगळं लिहायच्या फंदात पडू नका. ते काम प्रत्यक्ष मशीनवर लागलं असताना जोडीला एक तरुण द्या. त्याने फोनवर दोन-दोन मिनिटांचे तुकडे काढायचे, मामांनी त्यांच्या नेहमीच्या बोलीत सांगायचं. फोनला शॉपवर बंदी असेल तर मॅनेजरकडून तेवढ्यापुरती लेखी परवानगी घ्या. मग पोराने शीट करायची, मामांनी वाचून दुरुस्त करायची. नावं दोघांची. शिकवण्याचा वेळ उत्पादनाच्या आकड्यातून वजा करून दाखवा. जोडी लावली आणि टार्गेट तेवढंच ठेवलं, तर तिसऱ्या दिवशी दोघंही आपापल्या मशीनवर परत जातात.

६. उलटी शिकवणी

पगाराची स्लिप आता फोनवर येते, पीएफचं पासबुक उमंग ॲपवर, रजेचा अर्ज पोर्टलवर. जुन्यांपैकी बरेच जण यासाठी घरी मुलावर किंवा सुनेवर अवलंबून असतात आणि ते त्यांना आवडत नाही. इथे तरुणांची मदत घ्या, पण तीन पथ्यं पाळायला लावा. मोबाइल त्यांच्या हातातून घ्यायचा नाही, बोट त्यांचंच फिरलं पाहिजे. ॲपमध्ये मराठी असेल तर आधी भाषा बदलायची. आणि ओटीपी किंवा पासवर्ड कधी विचारायचा नाही, मामांनी आपण होऊन दिला तरी घ्यायचा नाही. तिसरं पथ्य पोरांच्या भल्याचं आहे. उद्या कुणाच्या खात्यातून पैसे गेले तर पहिलं नाव त्या पोराचं येईल.

हे कॅन्टीनमध्ये चारचौघांत नको. जेवणानंतर टूल क्रिबच्या (हत्यारं ठेवायच्या खोलीच्या) बाकावर, दोघंच.

७. मधल्यांना विसरू नका

नवे सुपरवायझर म्हाताऱ्यांना जपतात, पोरांना समजून घेतात, आणि चाळिशीतल्या माणसाकडे त्यांचं लक्षच जात नाही, कारण तो काही बोलत नाही. मला विचाराल तर पाळी चालते ती त्याच्यावर. मॅन्युअल लेथ त्याने अण्णांच्या हाताखाली पाहिली, फॅनुकचा (सीएनसी मशीनचा) कंट्रोल त्याला झोपेत चालवता येतो, आणि पोरांची भाषाही त्याला कळते. अडचण एवढीच की तुम्ही ज्या खुर्चीवर बसला आहात ती त्याला मिळायला हवी होती असं त्याला वाटतं. त्याच्याकडे डिप्लोमा नव्हता म्हणून ती तुम्हाला मिळाली.

पहिल्या पंधरा दिवसांत त्याच्याशी एकट्याने बोला. ‘तुमचा अनुभव मोठा आहे, मला मार्गदर्शन करा’ असली गोड भाषा नको, त्याला ती लगेच ओळखू येते. कामाचं विचारा: कुठलं मशीन त्रास देतंय, कुठला ऑपरेटर चुकीच्या ठिकाणी आहे, मागच्या सुपरवायझरने काय करायला नको होतं. त्यातल्या एका तरी गोष्टीवर आठवड्यात कृती करा आणि मीटिंगमध्ये ती कुणी सुचवली ते नाव घेऊन सांगा. नोकरी सांभाळून डिप्लोमा करता येतो का, फी कंपनी देईल का, हे एचआरला त्याच्यासाठी विचारा. मिळेलच असं नाही. पण याआधी कुणी विचारलेलंच नसतं.

८. निरोप, रजा आणि व्हॉट्सॲप

पाळीचा ग्रुप असतोच. त्यावर सकाळी पाचला फुलांचे फोटो येतात, दुपारी कुणीतरी राजकारण टाकतं, आणि त्याखाली तुमचा ‘उद्या पहिल्या पाळीला सहाला यायचं आहे’ हा निरोप गडप होतो. कामाचा ग्रुप वेगळा करा, तिथे फक्त तुम्ही लिहाल अशी सेटिंग ठेवा. फुलांसाठी जुना ग्रुप राहू द्या, तो बंद करायला जाऊ नका. महत्त्वाचा बदल असेल तर तो पाळी सुटताना तोंडी सांगायचा, बोर्डावर लावायचा आणि मग ग्रुपवर टाकायचा. मतभेद झाला तर बोर्डावरचा कागद खरा.

रजेबाबत जुने चार दिवस आधी अर्ज घेऊन समोर येतात, नवे सकाळी पावणेसातला ‘सर आज येणार नाही’ एवढा मेसेज टाकतात. हा वळणाचा फरक आहे, आणि तो एका नियमाने सुटतो: ठरलेली रजा तीन दिवस आधी पोर्टलवर, अचानकची रजा पाळीच्या एक तास आधी फोन करून. मेसेज चालणार नाही. फोन उचलणं मग तुमच्यावर आलं.

डिसेंबरातच पुढच्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा आणि ज्याला त्याला आपापले दिवस खुणा करायला सांगा. वारी, गावची जत्रा, सुगी, गणपती, छठ, होळी, मुलाची बारावी, पोलीस भरतीची मैदानी चाचणी, एमपीएससीची परीक्षा. पोरं भरतीसाठी रजा मागतात तेव्हा ‘म्हणजे इथे राहायचं नाहीये’ असा अर्थ काढून चेहरा पाडू नका. इतर प्रत्येकाला जत्रेला सोडता तसं त्यालाही सोडा. न सोडल्यास तो आजारी पडेल आणि तुम्हाला सकाळी पावणेसातला कळेल.

९. ‘पोरं टिकत नाहीत’

टिकत नाहीत हे खरं. हजार रुपये जास्त मिळाले की चाकणला दुसरीकडे जातात. तुमच्याकडे हजार रुपये नाहीत, तेव्हा दुसरं द्या. आल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगा की सहा महिन्यांत अमुक दोन मशीन चालवायला आणि एक सेटिंग करायला शिकवू, आणि ते भिंतीवरच्या कौशल्य तक्त्यावर त्याच्या नावापुढे भरत जा. तरी काही जातील. जाताना तोंड कडू करू नका. याच एमआयडीसीत दोन वर्षांनी तो तुमच्या ग्राहकाकडे क्वालिटीत बसलेला असू शकतो.

१०. निवृत्तीच्या आधीचं वर्ष

वहीत लाल गोल केलेल्या तारखेच्या एक वर्ष आधी संबंधित माणसाला एचआरकडे घेऊन जा. स्वतः सोबत जा. पहिलं काम कागदांचं. आधार, पीएफ आणि कंपनीच्या नोंदीत नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख जुळत नाही हे नित्याचं आहे. ते दुरुस्त करायला जॉइंट डिक्लरेशन (कामगार आणि कंपनी यांचं एकत्रित निवेदन) द्यावं लागतं आणि वेळ जातो. नॉमिनेशन तपासा, लग्नाआधी आईच्या नावाने केलेलं तसंच राहिलेलं सापडतं. पीएफच्या पेन्शन योजनेत किमान १० वर्षं सेवा झाली असेल तर ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळते, त्यासाठी दहा-डी फॉर्म लागतो.

ग्रॅच्युइटीचा हिशेब त्यांच्यासमोर करून दाखवा. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. मूळ आणि महागाई मिळून २६,००० आणि सेवा ३० वर्षं असेल तर ४,५०,००० रुपये होतात. देय झाल्यापासून ३० दिवसांत ती मिळायला हवी. हा आकडा कागदावर पाहिला की माणूस मोकळा होतो, आणि शिकवायलाही तयार होतो. कसब लिहून घ्यायचं काम मी नेहमी या भेटीनंतर सुरू करायचो.

शेवटच्या तीन महिन्यांत त्यांना मशीनवरून पूर्ण काढू नका, नुसतं खुर्चीवर बसवलं की माणूस कोमेजतो. अर्धा दिवस मशीन, अर्धा दिवस जोडीदाराच्या मागे उभं राहणं. उलट करायला लावा: सेटिंग पोराने करायचं, मामांनी फक्त बघायचं, तोंड बंद ठेवायचं. पहिले दोन दिवस हे त्यांना अजिबात जमत नाही.

निरोपसमारंभाचा खर्च, शाल-श्रीफळ, घड्याळ हे वर्गणीवर सोडू नका, कंपनीकडून मंजूर करून घ्या. त्याआधी लॉकरची किल्ली, गेज, मायक्रोमीटर आणि त्यांनी स्वतः घासून केलेली टूल्स यांची यादी करून सही घ्या. स्वतः केलेली टूल्स त्यांची असतील तर ती त्यांना घरी नेऊ द्या. शॉपला ठेवायची असतील तर विचारून ठेवा.

निवृत्तीनंतर मालक म्हणतात, ‘मामांना कंत्राटावर परत घेऊ.’ घ्यायला हरकत नाही, पण मशीनवर उत्पादनासाठी घेतलंत तर ज्या पोराला शिकवलं त्याची जागा अडते आणि तो जातो. आठवड्यातून दोन दिवस शिकवायला आणि अडलेल्या सेटिंगला घ्या. आणि ते घरी असताना अडचण आली म्हणून रोज फोन करून फुकट विचारत बसू नका. एखाद्या वेळी ठीक आहे. त्यापुढे प्रत्येक फेरीचे पैसे ठरवा, आणि त्यांना घ्यायला कंपनीची गाडी पाठवा.